पार्किन्सन्स असलेल्या सासऱ्यांना घरात माणसं दिसतात, सासूबाईंवर संशय घेतात. महिन्याभरात हे फार वाढलंय. आत्येसासूबाई दृष्ट काढा म्हणतात. वेड लागलंय का? गोळ्या बंद कराव्यात का?

आधी एवढंच: गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची मुख्य गोळी, आपल्याकडची सिन्डोपा वगैरे, एकदम थांबवली तर अंग ताठरतं, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांना, अण्णांना, अकरा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली, आता आम्ही कर्वेनगरला असतो. तुम्ही लिहिलंय ते जवळपास सगळं आमच्या घरात होऊन गेलंय. फक्त आमच्याकडे दोन लहान मुलं होती. हॉलमधल्या झोपाळ्यावर बसलेली.

ती एकदम आली नव्हती. आधी अण्णांना डोळ्याच्या कोपऱ्यातून कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. कधी पाठीमागे कुणी उभं असल्यासारखं. दारामागे टांगलेला शर्ट अंधारात माणूस व्हायचा. तेव्हा ते स्वतःच हसायचे, "भास झाला रे." मग मुलं आली. ती बोलायची नाहीत, त्रास द्यायची नाहीत. अण्णा आईला म्हणायचे, "त्यांना थोडा चिवडा दे." हे आम्ही वर्षभर डॉक्टरांना सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं, वय झालं. अण्णांना काय वाटत होतं ते खूप नंतर कळलं: "सांगितलं असतं तर येरवड्याला पाठवलं असतंत." पुणेकराला याचा अर्थ सांगायला नको, तिथे मनोरुग्णालय आहे.

तर वेड लागलंय का? नाही. हा पार्किन्सन्सचाच एक भाग आहे, आणि आजार जुना होत जातो तसा बऱ्याच जणांना गाठतो. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, कमी पडतं म्हणून हात थरथरतात, पाय अडतात. गोळीने ते भरून काढायचं, पण गोळीला फक्त हालचालीच्या भागापुरतं थांबता येत नाही, भलतीकडेही डोपामिन वाढतं आणि भास होतात. सगळा दोष गोळ्यांचाही नाही. आजार स्वतःच मेंदूत पसरत जातो, डोळ्यांनी पाहिलेलं ओळखणाऱ्या भागांपर्यंत पोचतो. म्हणून यात आवाज ऐकू येण्यापेक्षा माणसं, मुलं, प्राणी दिसणंच जास्त. मोतीबिंदू असेल तर आणखी भर. अण्णांचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर शर्टाचा माणूस होणं बरंच कमी झालं.

संशय मात्र वेगळं प्रकरण आहे. भासात अण्णांना निदान अर्धं माहीत असायचं की हे खरं नाही. संशयात ते भान राहत नाही. आणि संशयही बहुधा ठरलेले असतात: बायकोचं बाहेर काहीतरी आहे, नाहीतर घरात कुणीतरी चोरी करतंय. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झालेल्या माझ्या आईचं नाव अण्णांनी दूध टाकणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाशी जोडलं. पहिल्या दिवशी ती हसली. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडत होती.

आता तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचं हे महिन्याभरात वाढलं. इतक्या झपाट्याने वाढलं असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. खरंच. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत एका रात्रीत सगळं बिनसलं. अण्णा काठी घेऊन दारात उभे, आईला आत येऊ देईनात. आम्ही मध्यरात्री एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं, तिथल्या डॉक्टरांनी शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. अण्णा शांत झाले, आणि पुढचे तीन दिवस त्यांना कूस बदलता येईना, पाणी गिळता येईना. हे औषध डोपामिनचं कामच अडवतं, आणि पार्किन्सन्सच्या माणसाकडे ते आधीच कमी. मूळ कारण निघालं लघवीचा संसर्ग, त्यात पाणी कमी पिणं आणि चार दिवस पोट साफ नसणं. शिवाय सर्दीसाठी मीच औषधांच्या दुकानातून झोप आणणारी गोळी आणून दिली होती. तीही भासांना खतपाणी घालते, हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून अण्णांच्या पाकिटात एक चिठ्ठी असते: पार्किन्सन्स आहे, हॅलोपेरिडॉल देऊ नये, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म, देऊ नये. तुम्हीही आजच लिहून ठेवा.

संसर्ग उतरल्यावर न्यूरोलॉजिस्टनी औषधांना हात घातला. आधी पॅसिटेन, म्हणजे थरथरीवरची गोळी, हळूहळू बंद केली, कारण वयस्कर माणसाला तिने गोंधळायला होतं. मग प्रॅमिपेक्सॉल, म्हणजे डोपामिनसारखं काम करणारं औषध, कमी केलं. लेव्होडोपाला शेवटपर्यंत हात लावला नाही, पाय चालतात ते तिच्यावरच. चालणं थोडं मंदावलं, पण हा सौदा आम्ही पत्करला. तरीही संशय राहिला तेव्हा रात्री क्वेटियापिन, म्हणजे भास-संशयावरच्या औषधाची, छोटी मात्रा सुरू झाली. त्याच जातीचं क्लोझापिन जास्त खात्रीचं आहे, पण त्यात पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. अमेरिकेतला एखादा नातेवाईक पिमाव्हॅन्सेरिनचं नाव सांगेलच. पार्किन्सन्समधल्या याच त्रासासाठी तिथे 2016 साली त्याला मंजुरी मिळाली. पण विस्मरणाचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसांत या जातीच्या सगळ्याच औषधांनी जिवाचा धोका वाढतो, तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून काही सुरू करू नका. तुमच्या आत्येसासूबाई दृष्ट काढा म्हणतात ना? काढू द्या. मिठा-मोहऱ्यांनी काही बिघडत नाही, गोळी चुकली तर बिघडतं.

बोलायचं कसं, यात मी सर्वांत जास्त चुका केल्या. "कुणी नाहीये हो तिथे" म्हटलं की अण्णा चिडायचे. "हो, आहेत" म्हणून आईने खरंच चिवड्याची वाटी ठेवली, तर त्यांनाच ते विचित्र वाटलं. संशयाच्या बाबतीत तर पुरावा अजिबात देऊ नका. मी सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणून दाखवलं, दूधवाला दोन मिनिटांत परत जातो ते. त्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे तूही त्यांना सामील." आता आम्ही म्हणतो, "मला दिसत नाहीत, पण तुम्हाला दिसतायत हे कळतंय. मी इथेच आहे." दिवा लावतो, दुसऱ्या खोलीत नेतो, चहा करतो. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा असतो आणि दारामागे काहीही टांगायचं नाही असा नियम आहे.

मुलं अजूनही आठवड्यातून एक-दोनदा येतात. डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, भीती वाटते का? ते म्हणाले, "छे, गुणी आहेत." डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही. मला ते पटलं. यंदा गौरीजेवणाला घर बायकांनी भरलेलं असताना अण्णांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "त्या हिरव्या साडीतल्या खऱ्या का?" खऱ्या होत्या. माझ्या मावससासूबाई. त्यांनी ऐकलं आणि वर्षभर पुरेल एवढ्या हसल्या.

डॉक्टरांकडे जाताना कोणती गोळी किती वाजता आणि भास किती वाजता, हे आठवडाभर लिहून न्या. सासऱ्यांसमोर संशयाबद्दल बोलायला अवघड जाईल, तर चिठ्ठी आधीच आत पाठवा. आम्ही तसंच केलं.

आणि सासूबाईंना एकटं पाडू नका. "आजार बोलतोय, ते नाही" हे आम्ही आईला शंभरदा सांगितलं, उपयोग शून्य. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे तिला एक बाई भेटल्या. त्यांच्या यजमानांनी त्यांच्यावर इस्त्रीवाल्यावरून संशय घेतला होता. दोघी कोपऱ्यात बसून अर्धा तास बोलत होत्या. रिक्षात आई म्हणाली, "दूधवाला परवडला. निदान सकाळी एकदाच येतो."