कृषी सल्ला : पंपाची वीज, कारखान्याची वीज आणि देशाचे उत्पन्न

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

फळछाटणीच्या तोंडावर आमच्याकडे येणारे प्रश्न बहुतेक डावणी, भुरी हे द्राक्षावरचे रोग आणि पाण्याच्या पाळ्या यांचे असतात. यंदा त्यांत विजेचेही बरेच आले. पहिला प्रश्न वाचून वाईट वाटले, म्हणून त्याचे उत्तर जरा लांबवतो.

प्रश्न (निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार) : वाचनात आले की कारखाने किती वीज वापरतात त्यावरून देशाची प्रगती कळते आणि शेतीला दिलेली वीज म्हणजे देशावरचा बोजा. आम्ही खरेच प्रगतीच्या आड येतो आहोत का?

उत्तर : नाही, दादा. पण उत्तर नुसते ‘नाही’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही, कारण त्या म्हणण्यात थोडे खरे आहे आणि बरेच अर्धवट आहे.

खरे ते असे, की वीजवापर आणि देशाचे उत्पन्न बरोबरीने वाढत आले आहेत. 1947 साली आपल्याकडे माणशी वर्षाला जेमतेम 16 युनिट वीज वापरली जात होती. 2023-24 मध्ये हा आकडा 1,400 च्या जवळ गेला. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात उत्पन्न एक टक्का वाढले की वीजवापर तीन टक्क्यांहून जास्त वाढायचा, कारण कारखाने, रेल्वे, गावांचे खांब सगळेच नव्याने उभे राहत होते. नव्वदच्या दशकानंतर हे प्रमाण एकास एकच्या आसपास आले.

पण वीज वाढली म्हणून उत्पन्न वाढले, की उत्पन्न वाढले म्हणून वीज जास्त लागली? 1978 मध्ये अमेरिकेत क्राफ्ट आडनावाच्या दोन अभ्यासकांनी तिथले 1947 ते 1974 चे आकडे तपासले आणि सांगितले, की आधी उत्पन्न वाढले, ऊर्जेचा वापर मागून आला. भारताच्या 1950-51 ते 1996-97 या काळातील माणशी आकड्यांवरचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही उत्पन्नच पुढे निघाले. इतर देशांत कुठे वीज पुढे निघाली, कुठे दोन्ही एकमेकांना ओढताना दिसली, कुठे काहीच नाते सापडले नाही. एवढा मतभेद असताना ‘कारखान्याची वीज म्हणजे प्रगती’ असे सरसकट कोणी म्हणू नये.

तुमच्या निफाडकडेच बघा. मोटेच्या जागी पंप आला, विहिरीचे पाणी बारमाही वर येऊ लागले, तेव्हा द्राक्ष लावण्याची हिंमत झाली. इथे वीज पुढे होती. मग द्राक्षाचा पैसा आला, पक्की घरे झाली, फ्रीज आले, पिंपळगाव बसवंतच्या परिसरात पॅकहाऊस आणि शीतगृहे उभी राहिली, त्यांना आणखी वीज लागली. इथे उत्पन्न पुढे. एकाच तालुक्यात दोन्ही घडले.

आता हिश्श्याचे बघू. देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी सुमारे 42 टक्के उद्योगांकडे जाते, साधारण पाव हिस्सा घरांत, 17 ते 18 टक्के शेतीत आणि आठेक टक्के दुकाने, कार्यालये, हॉटेले यांच्याकडे. देशाच्या उत्पन्नात शेती व जोडधंद्यांचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे शेती जेवढा हिस्सा वीज घेते, साधारण तेवढाच हिस्सा उत्पन्नात घालते आणि देशातल्या कामकऱ्यांपैकी सुमारे 45 टक्क्यांना कामही देते. उलट उद्योगांचा उत्पन्नातला वाटा बांधकाम धरूनही 30 टक्क्यांच्या आतच आहे. सेवा क्षेत्र निम्म्याहून अधिक उत्पन्न अगदी थोड्या विजेत काढते. युनिटमागे किती रुपये पिकले एवढ्यावरच निकाल लावायचा, तर सातपूर-अंबडचे कारखाने बंद करून सगळीकडे बँका आणि संगणकाची कार्यालये काढावी लागतील. तसे कोणी सुचवत नाही. पोलाद वितळवायला वीज जास्त लागते आणि पोलादाशिवाय भागत नाही, हे सगळ्यांना पटते. कांद्याला पाणी उपसायला वीज लागते हेही तितक्याच सहज पटायला हवे.

महाराष्ट्राचे चित्र मात्र वेगळे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आपल्या राज्यात जवळपास 30 टक्के वीज कृषिपंपांच्या नावे लागते आणि राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा 12 टक्क्यांच्या आसपास आहे. एक कारण निसर्गाचे आहे. आपल्याकडे कालव्याने वाहून येणारे पाणी कमी आणि विहीर-बोअरमधून उचलावे लागणारे जास्त. दुसरे कारण मोजणीचे. कित्येक पंपांना चालू मीटर नाही, त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. तिसरे कारण आपल्या पंपांचे, त्यावर पुढच्या उत्तरात लिहिले आहे. दोष असेल तर तो तिथे आहे आणि तो सुधारणे पुष्कळसे आपल्या हातात आहे.

हे हिस्से मांडणाऱ्या तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसत नाही. निर्यातीच्या द्राक्षाच्या एका पेटीमागे पंपाची वीज शेतीच्या खान्यात पडते, पुठ्ठ्याच्या खोक्याची उद्योगाच्या खान्यात, तुमच्या घरी रात्री याद्या लिहिताना जळणाऱ्या दिव्याची घरगुती खान्यात. पेटी एकच आहे. मालेगावच्या यंत्रमागावर विणलेल्या कापडातही कुणाच्या तरी शेतातला कापूस आहे. हे खाने एकमेकांविरुद्ध उभे करण्यात कोणाचेच भले नाही.

प्रश्न (सिन्नर, पूर्व भाग) : साडेसात एचपीपर्यंत बिल माफ झाले. मग मोटार बदलून, कपॅसिटर बसवून आमचा काय फायदा?

उत्तर : मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत 7.5 एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल 2024 ते मार्च 2029 पर्यंत बिल नाही, हे बरोबर. पण तुम्हाला दिवसाला थ्री फेज मिळते आठेक तास. त्या आठ तासांत किती पाणी वर येते, हा तुमच्या पिकाचा प्रश्न आहे. बिल कोण भरते याने त्यात काही बदल होत नाही.

हिशेब करून बघा. एका युनिटमध्ये 30 मीटर हेडवर, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून पाईपच्या तोंडापर्यंतची उंची आणि पाईपमधले घर्षण धरून, काहीच वाया न जाता सुमारे 12,200 लिटर पाणी चढू शकते. इतके कोणत्याच पंपाला जमत नाही. चांगला पंप नीट बसवला तर निम्मे, म्हणजे 6,000 लिटरच्या वर देतो. आपल्याकडचे पुष्कळ जुने पंप 30 टक्क्यांच्या आसपास अडकलेले असतात आणि 3,700 लिटरच देतात. वीज तीच, तास तेच, पाणी निम्म्याच्या थोडेच वर.

घरी तपासायचे असेल तर 200 लिटरचा पिंप पाईपच्या तोंडाशी ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. 5 एचपीची मोटार तासाला साडेचार युनिट घेत असेल आणि हेड 30 मीटर असेल, तर चांगला पंप पिंप 26 सेकंदांच्या आसपास भरतो. 44 सेकंद लागले तर तुमचा पंप 30 टक्क्यांवर आहे असे समजा. हेड वेगळे असेल तर सेकंदही त्याच प्रमाणात बदलतील. मीटर बंद असेल तर वायरमनकडून क्लँप मीटर लावून मोटार किती वीज ओढते ते बघून घ्या.

पंप मार का खातो? फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाईपच्या तळाची झडप, गाळाने अर्धवट उघडतो. डिलिव्हरी पाईप लहान व्यासाचा असतो. एकामागे एक काटकोनी एल्बो बसवलेले असतात, तिथे लांब वळणाचा बेंड घातला तरी फरक पडतो. इंपेलर, म्हणजे पंपातला पाणी ढकलणारा पंखा, झिजलेला असतो. आणि मोटार दोन-तीनदा जळून रिवाइंड झालेली असते. नवीन घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन बघून घ्या आणि विहिरीच्या हेडला जुळणारा पंप निवडा. दुकानदाराने सुचवलेला सगळ्यात मोठा पंप घेऊ नका.

मोठा पंप घेण्यामागची अडचण मी समजतो. व्होल्टेज मिळत नाही, 5 एचपी पाणी खेचत नाही, म्हणून शेजारी साडेसात लावतो. मग त्याच डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज आणखी उतरते आणि तिसऱ्यालाही साडेसात लावावी लागते. शेवटी भर हंगामात डीपी जळते आणि सगळेच थांबतात. यावर कपॅसिटर हा खरोखर स्वस्त उपाय आहे : 3 एचपीला 1 केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता मोजण्याचे माप), 5 एचपीला 2, साडेसातला 3. कपॅसिटरने लाईनवरचा प्रवाह कमी होतो आणि व्होल्टेज सावरते. एकट्याने बसवून फारसे जाणवणार नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून बसवा. लाईट येताच मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच मात्र काढून टाका. लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर तोच घाव बसतो.

आणि पाण्याचे. तुमच्या भागात पाण्याची पातळी 30 मीटरवरून 60 वर गेली, तर युनिटमागचे पाणी निम्मे होते. बिल नाही म्हणून मोटार चालूच ठेवली, तर पुढच्या वर्षी तीच मोटार कमी पाणी देणार. ठिबकाने पाणी चांगले वाचते, पण ठिबकाला दाब लागतो, म्हणून विजेची बचत पाण्याइतकी होत नाही. हे ध्यानात ठेवूनच हेड ठरवा.

प्रश्न (बागलाण, शेतकरी कंपनीच्या संचालक) : आमच्या अर्ली द्राक्षांसाठी प्रीकूलिंग आणि छोटे शीतगृह केले आहे. बिल व्यापारी दराने येते. काही करता येईल का?

उत्तर : ताई, जरूर करता येईल. महावितरणच्या दरपत्रकात ‘कृषी – इतर’ असा वेगळा वर्ग आहे. शेतमालाचे प्रीकूलिंग (साठवण्याआधी माल झटपट थंड करणे), शीतगृह, कुक्कुटपालन, हरितगृह, अळिंबी यांसारखी कामे त्यात बसतात आणि त्याचा दर व्यापारी दरापेक्षा बराच कमी असतो. बिलावरचा ग्राहक वर्ग आधी वाचा. चुकीचा असेल तर कंपनीच्या नोंदणीची कागदपत्रे आणि जागेचे फोटो जोडून उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि जागेची पाहणी करण्याची मागणी करा. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते.

प्रश्न (चांदवड) : सौरपंप घ्यावा, की फिडर सौर होण्याची वाट बघावी?

उत्तर : या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, जी 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 पासून दुसऱ्या टप्प्यात आहे, उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो आणि तुमच्या सध्याच्याच फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणाऱ्या तारेवर, दिवसा वीज येते. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. महावितरणचा सरासरी पुरवठा खर्च त्याच्या दुपटीहून अधिक आहे. शेतीच्या विजेचा भार उद्योगांच्या दरावर टाकला जातो ही कारखानदारांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही; असे फिडर वाढले तर ती तक्रार कमी होईल आणि बिबट्याच्या भीतीत रात्री पाणी भरायला जाणेही टळेल. माझ्या दृष्टीने हे दुसरे कारणच पुरेसे आहे. गावात पडीक गायरान किंवा खासगी जमीन असेल तर ग्रामपंचायतीने पुढे यावे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1.25 लाख रुपये भाडे आहे.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंप तुमच्या शेतात येतो. तुमचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यावर साडेसात. पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराकडे असते. जिथे तार पोहोचलेलीच नाही, सुरगाणा-पेठच्या डोंगरउतारावर किंवा पैसे भरून जोडणीची वाट बघत असलेल्यांनी हा विचार अवश्य करावा.

तुमच्याकडे मात्र चालू जोडणी आहे आणि द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाड-चांदवडच्या पट्ट्यात पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा पहाटे बागेला पाणी द्यावे लागते. त्या वेळी सौरपंप चालत नाही. फिडर सौर झाला तरी तो ग्रीडला जोडलेला राहतो, म्हणून पहाटेची वीज निदान मागता तरी येते. म्हणून आहे ती जोडणी सोडू नका. शेततळे असेल तर दिवसा विहिरीतून तळ्यात पाणी चढवून ठेवा आणि तळ्यावर लहान मोटार बसवा. पहाटे उचल कमी लागेल. थंडीची लाट जाहीर झाली की गटातल्या चार-पाच बागायतदारांनी एकत्र लेखी अर्ज देऊन पहाटेच्या तासांची मागणी करावी. हा अर्ज नोव्हेंबरमध्येच लिहून तयार ठेवा आणि फिडरचे नाव व डीपी क्रमांक त्यावर घाला, म्हणजे उपकेंद्रावर तो लगेच पुढे जाईल.

आपला,
कृषी अधिकारी, नाशिक