मिसळीची फ्रँचायझी आणि ताज्या कलमातली नोटीस

नाशिकच्या एका वाचकांचं 2011 पासून मिसळीचं दुकान आहे. जळगाव, अहिल्यानगर आणि पुण्यात त्यांनी एकेक फ्रँचायझी दिली, आता राज्यात आणखी सात द्यायच्या आहेत. पुण्याच्या माणसाने सहा महिने रॉयल्टी दिलेली नाही. त्यांचे प्रश्न तीन. नव्या सात जणांसाठी कराराचा नमुना मिळेल का? फ्रँचायझीची सरकारदरबारी नोंदणी लागते का? पुण्याच्या माणसाला तीन वर्षं मिसळ विकण्यापासून रोखता येईल का? आणि मग ता. क. : 'आमच्या ट्रेडमार्कच्या अर्जाला त्याने विरोध केला आहे. नोटीस 12 तारखेला एजंटच्या ई-मेलवर आली होती, एजंटने मला ती पुढच्या महिन्याच्या 18 तारखेला व्हॉट्सअॅपवर पाठवली. अजून वेळ आहे असं तो म्हणतो.'

सगळं प्रकरण त्या ता. क. मध्ये आहे, म्हणून उत्तर तिथूनच.

ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 21(2) प्रमाणे विरोधाच्या नोटिशीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदाराने प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, दाखल करायचं असतं. नाही केलं, तर अर्ज सोडून दिला असं कायदाच मानतो. सुनावणी नाही, गुणदोषांवर विचार नाही. कलम 131 खाली ट्रेडमार्कचे रजिस्ट्रार मुदत वाढवू शकतात, पण जी मुदत कायद्यातच लिहिलेली आहे ती नाही. ही तशीच आहे. 'डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडू' वगैरे सल्ले कुणी दिले तर ऐकू नका.

तुम्ही दिवस मोजताय 18 तारखेपासून. ट्रेडमार्कच्या 2017 च्या नियमांतला नियम 18 म्हणतो की ई-मेलने पाठवलेला कागद पाठवला त्याच क्षणी पोचला असं धरायचं, आणि पोचण्याचा पत्ता म्हणजे अर्जात दिलेला पत्ता, इथे तुमच्या एजंटचा. म्हणजे घड्याळ पहिल्या 12 तारखेला सुरू झालं. निम्म्याहून जास्त मुदत तुमच्या एजंटच्या इनबॉक्समध्ये संपली. अर्ज करताना स्वतःचा ई-मेल दिला असता आणि महिन्यातून एकदा रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहिली असती, तर ही धावपळ टळली असती. पाच मिनिटांचं काम आहे ते.

आता करायचं काय? प्रतिनिवेदन फॉर्म टीएम-ओ वर, ऑनलाइन, दर वर्गाला (वर्ग म्हणजे माल किंवा सेवेचा प्रकार) 2,700 रुपये. त्यात विरोधातला प्रत्येक परिच्छेद मान्य की अमान्य ते लिहा, शेवटी सत्यापन, म्हणजे लिहिलेलं खरं असल्याची सही, हवंच. पुराव्याचा टप्पा नंतर येतो. कागद जमले नाहीत म्हणून प्रतिनिवेदन अडवून ठेवू नका. मात्र त्यात जे लिहाल ते पुढे बदलता येणं अवघड, म्हणून 'वापर 2011 पासून' हे वाक्य कागदाने सिद्ध होईल असंच लिहा: जुनी बिलं, अन्नपरवाना, वीजबिल, जाहिरातीची कात्रणं. सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे पुण्याने बँकेतून भरलेली रॉयल्टी आणि त्यावरची तुमची जीएसटी बिलं. नाव त्याचंच असेल तर तो त्यासाठी तुम्हाला पैसे कशाला देत होता? काही महिने रॉयल्टी रोखीने घेतल्याचं तुम्ही लिहिलंय. त्या महिन्यांचा हा पुरावा तुम्ही स्वतःच घालवलात. कराचं काय करायचं ते तुमच्या सीएला विचारा. व्हॉट्सअॅपचे संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. फोन बदलू नका.

अर्ज गेलाच तर सगळं संपतं असं नाही. नवा अर्ज करता येतो, आणि आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सय्यद मोहिदीन प्रकरणात सांगितलंच आहे. पण नोंदणी झालेली असती तर कलम 134(2) मुळे तुम्ही नाशिकलाच दावा लावू शकला असता. नोंदणी नसेल तर उरतो 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे आपला माल तुमचा म्हणून खपवल्याचा दावा. त्याला ही सवलत नाही, त्यामुळे बहुधा पुण्याच्या तारखा कराव्या लागतील. त्या किती पडतील ते विचारू नका.

तुमचा पुण्याचा करार मी वाचला. फी सहा लाख, रॉयल्टी पाच टक्के, मसाला तुमच्याकडूनच, आणि नाव कुणाचं याबद्दल एक ओळ नाही. शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केलंय म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. नोटरीच्या शिक्क्याने मुद्रांक शुल्क भरलं जात नाही. शुल्क कमी पडलं असेल तर पुराव्यात वापरण्याआधी फरक आणि दरमहा दोन टक्के दंड भरावा लागतो. नेमका आकडा कराराच्या मजकुरावर ठरेल, तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून ठरवून घ्या.

तीन वर्षांच्या बंदीचं विसरा. करार संपल्यावर धंदा करू नको ही अट करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. करार चालू असताना टिकते, हे सर्वोच्च न्यायालयात गुजरात बॉटलिंग प्रकरणात 1995 मध्येच ठरलं. मिसळ तो विकेल. तुमचं नाव, पाटी आणि मेन्यूकार्ड मात्र वापरू शकणार नाही.

सरकारदरबारी नोंदणी लागत नाही, फ्रँचायझीचा वेगळा कायदा देशात किंवा राज्यात नाही. अन्नपरवाना प्रत्येक दुकानाला वेगळा.

नमुना मी देणार नाही, आणि प्रतिनिवेदन दाखल होईपर्यंत सातपैकी एकाचीही सही घेऊ नका. नंतरच्या करारात एवढं हवंच: नाव तुमचं, फ्रँचायझीने केलेला नावाचा वापर तुमचाच धरला जाईल, चव-स्वच्छता तपासायला कधीही येण्याचा हक्क, करार संपताच सात दिवसांत पाटी खाली आणि गूगल, झोमॅटो, स्विगीवरची पानं व दुकानाचा फोन नंबर तुमच्या ताब्यात. शक्य असेल तिथे गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स तुमच्या नावावर घ्या. गाळा त्याच्या नावावर असला की गिऱ्हाईक तिथेच येत राहतं, पाटी कुठलीही असो. 'लवाद फ्रँचायझर (म्हणजे तुम्ही) एकटा नेमेल' हे कलम काढा. वादात ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सांगणाऱ्या 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर ते तुमच्याच अंगाशी येईल.

अर्ज फक्त वर्ग 43 मध्ये, म्हणजे उपाहारगृहासाठी आहे. मसाल्याची पाकिटं वर्ग 30 मध्ये येतात आणि तिथे तुमचा अर्जच नाही. तोही याच आठवड्यात करा, व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन 4,500 रुपये. पुण्याला रॉयल्टीची नोटीस पाठवायचीच आहे, पण तिचा मसुदा प्रतिनिवेदन लिहिणाऱ्या वकिलानेच करावा. दोन कागदांत नाव वापरायला लागल्याच्या दोन तारखा आल्या तर समोरचा वकील त्याच वाचून दाखवेल.