घराचा निर्णय आणि महापालिकेचे अंदाजपत्रक

सर, सप्रेम नमस्कार.

निवृत्तीच्या ४० लाखांतून छत्रपती संभाजीनगरला फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा की लातूरला, असे आपण अंबाजोगाईहून विचारले आहे. संभाजीनगर महापालिकेचे अंदाजपत्रक लातूरच्या कितीतरी पट असल्याने आपला कल तिकडे आहे. तुलना करण्याची आपली वृत्ती मला आवडली. मात्र त्यासाठी निवडलेला आकडा उपयोगाचा नाही.

अंदाजपत्रकाचा जो एकूण आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, तो अपेक्षेचा असतो. त्यात आरंभीची शिल्लक असते, योजनांची अनुदानेही असतात, आणि पत्रक शिल्लकी दाखवायचे म्हटले की जमेची बाजू सढळ हाताने लिहिली जाते. त्यापेक्षा त्याच पुस्तिकेतील गेल्या वर्षाच्या प्रत्यक्ष जमेचा रकाना पाहावा. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आणि त्या बदल्यात २०१७ पासून राज्य शासन जी जीएसटी भरपाई देते, ती २०१६-१७ च्या उत्पन्नावर दरसाल ८ टक्के चक्रवाढीने ठरते. म्हणजे शहराची बाजारपेठ कितीही वाढली तरी हा हप्ता आपल्याच ठरलेल्या गतीने येतो. शहराची खरी ताकद कळते ती घरपट्टी व पाणीपट्टीची थकबाकीसह मागणी किती आणि वसुली किती यावरून, आणि पगार व निवृत्तिवेतन भागवून रस्त्या-नाल्यांसाठी काय उरते यावरून.

पाण्याचा भार दोन्हीकडे आहे. संभाजीनगरची जायकवाडीवरील नवी योजना १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेली, आणि त्यातील महापालिकेचा हिस्सा कोठून तरी उभा करावाच लागतो. लातूरची महापालिका २०११ ची, आवाक्याने लहान. पण २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी तेथील कोणी विसरलेले नाही. ती टंचाई अंदाजपत्रकात फारशी दिसत नाही, भाडेकरूच्या टँकरच्या बिलात दिसते.

आता आपला हिशेब. आपण कळवलेले ९,००० रुपये भाडे ४० लाखांवर वर्षाला जेमतेम २.७ टक्के पडते, आणि घरपट्टी, देखभाल, रिकामे महिने यातून वजा व्हायचेच आहेत. उलट ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवल्यास सध्याच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात. ते करपात्र आहेत, तरीही फरक मोठा आहे. आपण ५८ वर्षांचे असल्याने निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत हे खाते उघडावे लागेल. म्हणून भाड्यासाठी दोन्हींपैकी कोणत्याही शहरात फ्लॅट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेले १० लाख बँकेत मुदत ठेवीत राहू द्यावेत.

पुढे स्वतः राहायचे ठरले तर लातूर बरे, कारण आपली मुलगी तेथे आहे. संभाजीनगरलाच जायचे झाले, तर गुंठेवारीतील, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरील, बांधकामासाठी नियमितीकरणाचा आदेश आधी मागावा. घरपट्टीची पावती आहे एवढ्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही.