नवरा पोर्तुगीज, बायको भारतीय, घर जर्मनीत

प्रश्न : नवरा म्हापशाचा पण पासपोर्ट पोर्तुगीज, सध्या जर्मनीत एका गोडाऊनमध्ये नोकरीला. माझा पासपोर्ट भारतीयच. त्याच्याकडे राहायला जायला मला ए-वन, म्हणजे सुरुवातीच्या पातळीची, जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागेल का? एजंट म्हणतो लागेलच, क्लासची फी पण त्यानेच सांगितली!

उत्तर : अहो ताई, फी भरू नका. ती अट जर्मन नागरिकांच्या किंवा तिथे नोकरीवर असलेल्या भारतीयांच्या जोडीदारांना असते, त्यातही सवलती आहेत. तुमचे मिस्टर युरोपियन युनियनचे नागरिक म्हणून दुसऱ्या देशात राहतायत, म्हणजे तुम्हाला अशा नागरिकांच्या कुटुंबीयांसाठीचा 2004 चा युरोपियन नियम लागू, त्यात भाषेची अट नाही. एन्ट्री व्हिसा फुकट मिळतो. तिथे पोचल्यावर परदेशी नागरिकांच्या ऑफिसात राहण्याच्या कार्डासाठी अर्ज करायचा, पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि त्याचं भाषांतर, नवऱ्याच्या नोकरीचा कागद एवढं लागतं, अर्ज दिल्याची पावती लगेच मागून घ्या. कार्ड 6 महिन्यांत यायला हवं, साधारण 5 वर्षांचं असतं, आणि नोकरी करायची मुभा तुम्हाला कार्डाआधीपासूनच आहे. गंमत म्हणजे उद्या दोघं पोर्तुगालला, म्हणजे मिस्टरांच्या स्वतःच्याच देशात, राहायला गेलात तर हा नियम थेट लागत नाही, तिथे पोर्तुगालचा स्वतःचा कायदा बघावा लागेल. आणि भाषा शिकाच हो, पण दुकानात बोलायला, एजंटसाठी नाही.