हवं आहे, झेपत नाही

बाय,

तुझ्या निरोपात 'मला ते नकोच आहे' हे वाक्य इतक्या वेळा आलंय की वाचता वाचता मी मोबाईल उलटा ठेवून दिला. कॉलेजची हंपीची सहल नको. कँटीन नको. चवथीला मूळ घरी जाणं नको. फोंड्याचा शिगमो नको. मैत्रिणी तर नकोतच. आणि एवढं सगळं नाकारून झाल्यावर तळाशी एकटी ओळ, 'मग रात्री रडू का येतं, मावशी?'

तुला ते सगळं हवं आहे म्हणून येतं. इतकं सरळ उत्तर तुझं तुला दिसू नये याचा मला राग आला. तुझा नव्हे गो. 'हिला नकोच असतं' हे तुझ्याबद्दल, तुझ्यादेखत, लहानपणापासून म्हटलं गेलं त्याचा. ऐकून ऐकून माणूस तेच बोलायला लागतो.

धीर देण्यासाठी मी लिहीत नाही. ऑटिझमचं निदान झालं, तू ते पचवलंस, हेडफोन आले, भरपूर वाचलंस, त्यात मला सांगण्यासारखं काही नाही. मला एकच सांगायचं आहे आणि तू कंटाळलीस तरी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जे हवं आहे त्याला 'नको' म्हणायचं नाही. झेपत नसेल तर झेपत नाही म्हण. जाऊ नकोस, दार लावून बस, पण 'नको' म्हणू नकोस.

चवथीचंच घे. आमचं देवाचं दालन तू पाहिलंयस. वर माटोळी, तिला सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, कांगलां. दुसऱ्या दिवसापर्यंत पिकल्या चिबडाचा वास कापराच्या धुरात मिसळतो आणि खोलीत वेगळी हवा उरत नाही. त्यात घरची, शेजारची माणसं खांद्याला खांदा लावून उभी. आरतीला वाजणाऱ्या घुमटाचं मला काही वाटत नाही, उलट तो आवडतो. मातीच्या भांड्याचं एक तोंड कातड्याने मढवलेलं, दुसरं उघडं, त्यावर डावा तळवा दाबून सोडला की येणारा तो खोल नाद मला छातीत हवा असतो. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसावाद्य केलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण कांसाळीं, ती काशाची मोठी झांज! त्यांचा आवाज मला कानांत लागत नाही, दातांत लागतो. पहिली आरती दात आवळून निभते. दुसरीला समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द लागत नाहीत. त्यानंतर मी ओरडेन, की खाली बसेन, की माझी वाचा दोन तास बंद होईल, याचा नेम नसतो. म्हणून मी मागच्या दाराने विहिरीकडे जाते आणि तिथून आरत्या म्हणते. सगळ्या म्हणते, कडव्यांसकट, क्रमाने.

आणि आत काय बोललं जायचं? 'तिका देवाचें आवडना.'

आईच म्हणायची. मला सांभाळून घेण्यासाठी म्हणायची, प्रेमाने. पण त्याचा परिणाम बघ. माटोळी बांधायला मला कुणी हाक मारेना. नेवऱ्या भरायला बसायचं तर 'तू कशाला, तू बस आपली खोलीत'. ज्याला नकोच आहे त्याला चांगली माणसं आग्रह करीत नाहीत. वाईट माणसांनी मला कुठून वगळलं असेल त्याहून जास्त चांगल्या माणसांनी वगळलं, आणि तेही माझा मान राखायचा म्हणून. हे नीट समजून घे, कारण तुझ्या घरात हेच चाललं आहे.

चाळिशी उलटल्यावर माझं निदान झालं. त्यानंतरच्या चवथीला मी चुलतभावाला सांगितलं, मला आरती हवी आहे, कांसाळीं झेपत नाहीत. त्याने फार विचारही केला नाही. 'मगे पोरांक वसरेंत उबीं करूंया,' म्हणाला. तेव्हापासून कांसाळीं वसरीत वाजतात, दालनाची दारं-खिडक्या सताड उघडी असतात, माझी जागा दाराजवळ. आता मी पूर्वीपेक्षा पुष्कळ वेळ आत असते. मंत्रपुष्पांजलीपर्यंत अजून टिकलेले नाही. ती आतून म्हणायची आहे मला, अजून आहे.

नकोच असेल तर कांसाळीं कुणी कशाला हलवील?

हे सगळे लाड आहेत, असं तुझा काका म्हणतो ना? त्याला सांग, लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ साली अकरा मुलांवर ऑटिझमचा तो पहिला मोठा लेख लिहिला, त्यातही मोठ्या आवाजांनी हादरणारी मुलं आहेत. निदानाच्या निकषांच्या यादीत ज्ञानेंद्रियांची ही गोष्ट स्पष्टपणे यायला २०१३ चं डीएसएम-५, म्हणजे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक, उजाडलं. सत्तर वर्षं! तोवर आपल्यासारख्यांचं सगळं हट्टाच्या खात्यावर मांडलं गेलं. काका एकटा नाही.

आता मैत्रिणी. तुझ्या निरोपात सगळ्यात जास्त खोटं इथे आहे. कँटीनमध्ये एकाच वेळी चार संभाषणं, भांड्यांचा आवाज, कुणी हसलं तर ते आपल्याला की विनोदाला हे कळेपर्यंत विषय बदललेला. त्यातून तू निष्कर्ष काढलास की तुला माणसं कळत नाहीत, तेव्हा माणसं नकोत. अर्धाच हिशेब मांडलास. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश अभ्यासक, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ साली मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. तुला त्या कळत नाहीत तितकीच तूही त्यांना कळत नाहीस, फक्त त्यांची संख्या मोठी असल्यामुळे कमतरता तुझ्या नावावर पडते. तुझ्या निरोपात एका मुलीचा उल्लेख आहे, प्रॅक्टिकलला शेजारी असते, बोलत नाही, पण तुझ्यासाठी ब्युरेट धुऊन ठेवते. मला तर ती मैत्रीण दिसते. तिला लिहून पाठव, 'कँटीनमध्ये मला आवाज झेपत नाही, लायब्ररीमागच्या पायऱ्यांवर डबा खाऊया का?' तोंडाने जमत नसेल तर तोंडाने कशाला? ती नाही म्हणेलही. म्हणू दे. तिला विचारायचं होतं हे तरी खरं राहील.

हंपीचा फॉर्म अजून दिला नसशील तर 'इच्छुक नाही' वरची खूण खोड. इच्छुक आहेस. बाईंना विचार, बस रात्रीची आहे का, पुढची खिडकी मिळेल का, खोलीत किती जणी, जेवण कधी. दिवसाचा क्रम लेखी माग. तिथे मोकळं रान आहे, ग्रॅनाइटचे धोंडे, तुंगभद्रा; गर्दीपेक्षा तुला दगडांवरचं ऊन छळेल, तेव्हा टोपी आणि काळा चष्मा घे. हे सगळं विचारून झाल्यावरही तीन दिवस झेपणार नाहीत असं वाटलं तर नको जाऊस. मात्र फॉर्मवर लिही, 'यायचं होतं, इतका प्रवास झेपणार नाही.' बाईंना पुढच्या वर्षी एका दिवसाची सहल सुचेल. कदाचित नाहीही सुचणार.

परीक्षेचंही तेच. वर्गातला पंखा करकरतो, शेजारचा पेन टकटक करतो, तू निम्मा पेपर लिहून उठतेस आणि वर म्हणतेस 'मला सवलत नको'. सवलत कोण देतंय तुला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हा त्या कायद्याने भेदभाव ठरतो. चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर तीन तासांच्या पेपरला निदान एक तास जादा धरलेला आहे. टक्के कमी भरले तर सगळं संपलं, असंही नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक नाकारल्या गेलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात सांगितलं की वाजवी सोयीचा हक्क चाळीस टक्क्यांवर अडत नाही. यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, कागद आईने गोळा केलेत आणि तू सही करत नाहीस म्हणे. सही कर. यावर मला वाद घालायचा नाही.

माझा भाऊ म्हणेल, हिचं ऐकू नकोस, हिने स्वतःचं नुकसान करून घेतलं. त्याचं म्हणणं काय ते तुला माहीत असावं. मी ज्या पतसंस्थेत हिशेब बघत होते तिथे शाखेचं व्यवस्थापकपद रिकामं झालं. हिशेब माझ्याइतका तिथे कुणाला येत नव्हता, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, ताळेबंद सांगतात. पण पदाबरोबर काउंटरजवळची खुर्ची होती, दिवसभर माणसं, नोटा मोजायच्या मशीनची घरघर, वाजणारा फोन. भाऊ म्हणाला, 'मला जबाबदारी नको' असं लिहून दे, गोड बोलून सुटशील. मी लिहिलं, 'पद हवं आहे. काउंटर झेपत नाही. आतल्या खोलीतून काम करायची परवानगी द्यावी.' मिळाली नाही. पद दुसऱ्याला गेलं, मी निवृत्तीपर्यंत होते तिथेच राहिले, आणि संचालकांपैकी काहींना मी उद्धट वाटले ती वाटलेच. भाऊ अजून म्हणतो, एवढं कशाला लिहायचं होतं? मी म्हणते, लिहायचंच होतं. मला ते पद हवं होतं, बाय. त्या फायलीत माझ्या अक्षरात तसं लिहिलेलं आहे. 'जबाबदारी नको' असं लिहिलं असतं तर उरलेली सगळी वर्षं त्या टेबलापाशी मी महत्त्वाकांक्षा नसलेली बाई म्हणून बसले असते, आणि हळूहळू मलाही ते पटलं असतं. तो नफा-तोटा भावाच्या वहीत मांडता येत नाही. या बाबतीत मी त्याचं कधी ऐकलं नाही आणि तूही कुणाचं ऐकू नकोस.

सगळ्याला वाट निघते असं मात्र समजू नकोस. मला जत्रेच्या नाटकात काम करायचं होतं. आपल्याकडे गावोगाव उत्सवाला मराठी नाटक लागतं, तालमी देवळाच्या अग्रशाळेत, रात्री जेवणं उरकल्यावर. पहिल्या काही तालमींतच मला सगळ्यांच्या सगळ्या भूमिका पाठ व्हायच्या. म्हणून प्रॉम्प्टिंग माझ्याकडे. अग्रशाळेत चार माणसं, एक ट्यूब, पेटीवाला कोपऱ्यात, तिथे मी उत्तम होते. प्रयोगाच्या रात्री शोभेचं दारूकाम, कर्णे, डोळ्यांवर येणारे दिवे, दाढ्या चिकटवायच्या डिंकाचा तो वास. त्या रात्री मी घरी आणि वही दुसऱ्याच्या हातात. 'तिला पडद्यामागेच बरं वाटतं,' दिग्दर्शक सांगायचे. नव्हतं वाटत. मला पुढे उभं राहून बोलायचं होतं, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल असं. ते झालं नाही आणि आता होणार नाही. सांगताना अजून घसा दाटतो. दाटू दे. त्यावर 'मला नाटकाचं वेड नव्हतंच' अशी फळी ठोकायला मी तयार नाही.

शिगम्याचं तुझं तसंच होईल बहुधा. चित्ररथांच्या मिरवणुकीत ढोल-ताशे आणि वर कर्णे, त्याला कुठलेच हेडफोन पुरत नाहीत. रोमटामेळ, तो नाचत जाणाऱ्यांचा मेळ, गावात निघतो तेव्हा लांबून पाहता येतो, ते कर. पण फोंड्याच्या रस्त्यावर त्या गर्दीत नाचायची तुझी इच्छा त्याने भागेल, असं सांगून मी तुला फसवणार नाही. २०२३ च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला तिथे मी गेले होते. एक लहान मुलगा हात फडफडवत उड्या मारत होता आणि कुणी त्याचे हात धरत नव्हतं. मी ते पाहत उभी राहिले. मग गाणी सुरू झाली आणि मला निघावं लागलं. दारावरच्या स्वयंसेवक मुलीने विचारलं, 'आवडलं नाही का?' तिला मी थांबून सांगितलं, फार आवडलं, थांबायचं होतं, आवाज झेपत नाही. फोंड्याच्या बसमध्ये मी रडले. तुझ्या रात्रीच्या रडण्यासारखंच ते, आणि त्याला उपाय म्हणून तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. रडून झाल्यावर पाणी पी, पंखा बंद कर, जड चादर घे, झोप. पण सकाळी उठून आईला 'काही नाही, मला नकोच होतं' असं सांगू नकोस. तिला सांग, काय हवं होतं ते. नावानिशी सांग.

आई विचारत होती, भेटायला येऊ का म्हणून. येऊ दे. दुपारी तीननंतर, आधी मेसेज करून; फोन मी उचलत नाही हे तिला पुन्हा एकदा सांग. येताना अबोलीचा वळेसर चालेल, जाईचा आणू नये. जाई मला आवडते, पण घरात ठेवता येत नाही. आणि यूडीआयडीचे कागद तुझ्या सहीसकट बरोबर द्यायला सांग, फॉर्म मी भरून देते.

तुझी
मावशी