विधी शिक्षण घेतानाच माहिती तंत्रज्ञान कायद्यात प्रावीण्य कसे मिळवावे?

एलएल.बी. करत असताना सायबर कायद्याकडे वळण्यासाठी वेगळी पदविका घ्यावी का, असा आपला प्रश्न आहे. वकिली करण्यासाठी तशी अट नाही. माझ्या मते पदविकेपेक्षा पुराव्याचा कायदा पक्का करणे अधिक मोलाचे आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 हा 2008 च्या दुरुस्तीसह वाचून लवकर होतो, परंतु प्रकरण अनेकदा अडते ते इलेक्ट्रॉनिक पुरावा ग्राह्य धरण्याच्या टप्प्यावर. त्यासाठी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल मुळातूनच वाचावा. जालन्यातील उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणात होता आणि वारंवार मागूनही तेव्हाच्या भारतीय पुरावा अधिनियम, 1872 मधील कलम 65ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद कोणत्या उपकरणातून व कशी तयार झाली हे सांगणारे, प्रमाणपत्र मिळत नव्हते. मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. मात्र सर्व प्रयत्न करूनही ते न मिळालेल्या पक्षकाराला दिलासाही दिला, आणि हा समतोल अभ्यासण्याजोगा आहे.

आता त्या कलमाची जागा भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 ने घेतली असून प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून गणिती पद्धतीने निघणारी अंक-अक्षरांची ओळखखूण, नोंदवावे लागते. एखाद्या फाइलचे हे मूल्य स्वतः काढून, तीत एकच अक्षर बदलून ते पुन्हा काढावे. मूल्य पूर्णपणे बदललेले दिसेल, आणि उलटतपासणीत नेमके काय विचारायचे तेही उमगेल.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मात्र सोडू नये, कारण कंपन्यांमधील सल्लागारीचे काम त्याच्याशी निगडित आहे. प्रशिक्षणासाठी शक्यतो सत्र न्यायालयात सायबर प्रकरणे चालवणारे वकील निवडावेत.