परप्रांतातून इतके लोक येतायत, तर पुण्यातल्या वाघोलीत भाड्यानं देण्यासाठी टू बीएचके घ्यावा का? हप्ता निघेल का?

हप्ता निघणार नाही, हे आधी सांगून टाकतो. तुम्ही लिहिलंय की यूपी, बिहार, मध्य प्रदेशातून पुण्यात लोंढा येतोय, म्हणजे भाडेकरूंना तोटा नाही. एजंट लोक हेच वाक्य वर्षानुवर्षं ऐकवतात आणि माणसं त्यावर पन्नास लाखांचं कर्ज उचलतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचं बघू. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. जाहिरातीत हा आकडा फार शोभतो. पण पुणे जिल्ह्यातल्याच हवेली तालुक्यातली मुलगी लग्न होऊन शेजारच्या शिरूरला गेली तरी ती या ४५ कोटींत मोजली जाते. राज्याची हद्द ओलांडलेले त्यात साडेपाच कोटींच्या आत, म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास. त्यात सर्वाधिक लोक महाराष्ट्रात आले हे खरं. पण वाघोलीच्या टू बीएचकेचं भाडं भरू शकणारे त्यातले किती, हे जनगणना सांगत नाही. शिवाय तो आकडाही आता जुना झाला. पुढची जनगणना २०२७ची आहे.

बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांचे घराच्या बाजारात तीन वेगळे गट पडतात आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी भागात कंपनीत ठेकेदारामार्फत लागलेला मुलगा फ्लॅटच्या बाजारात येतच नाही. गावातल्या जमीनवाल्यानं बांधलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात, दोघं दिवसपाळीला आणि दोघं रातपाळीला. छठ, होळी आणि मे महिन्यातली लग्नं, यात खोली रिकामी होते आणि परत भरते. दुसरा गट खराडी-हिंजवडीच्या आयटीतला अविवाहित मुलांचा. ते वन बीएचके घेत नाहीत. तिघं मिळून टू बीएचके घेतात, कारण तीन पगारांत भाडं वाटलं जातं. तिसरा गट लहान मूल असलेल्या जोडप्यांचा. ते शाळा बघून घर ठरवतात आणि एकदा आले की लवकर हलत नाहीत. मालकाला खरा आधार याच गटाचा असतो. पण त्यांच्यातले बरेच जण पैसे साठले की इंदूरला, लखनौला, आपल्या गावाकडे घर बांधतात. तुमच्या फ्लॅटला पुढे गिऱ्हाईक म्हणून ते मिळतीलच असं धरू नका.

आता तुमचाच सौदा मांडतो. रिसेलचा टू बीएचके ६५ लाखांना धरा. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४,५५,००० (बाईच्या एकटीच्या नावावर घेतला तर १ टक्का कमी), नोंदणी ३०,०००. किचन ट्रॉली, गीझर, पंखे, जाळ्या, रंग यांचे दीड लाख. एकूण ७१ लाख ३५ हजार. भाडं २४,००० धरू, वर्षाचे २,८८,०००. वर्षातून एक महिना घर रिकामं राहतंच, ते २४,००० वजा. मेंटेनन्स महिना ४,०००. वाघोलीत टँकरचं पाणी त्यातच येतं, आणि उन्हाळ्यात ते वाढतं. त्याचे ४८,०००. एजंटची दलाली १२,०००. मालमत्ता कर आणि दर वेळचा रंग-डागडुजी मिळून २६,०००. हातात उरले १,७८,०००, म्हणजे गुंतवणुकीवर अडीच टक्के. ५० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ४३,४००च्या आसपास जातो. भाड्यातून महिन्याला निव्वळ पंधरा हजारही सुटत नाहीत. उरलेले साडेअठ्ठावीस हजार दर महिन्याला खिशातून जाणार.

मालमत्ता करात एक खड्डा आहे. स्वतः राहात असाल तर पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, भाड्यानं दिलात की ती जाते. वाघोली २०२१ पासून महापालिकेत आहे, त्यामुळे हे तुम्हालाही लागू.

तरीही घ्यायचाच असेल तर नमुना फ्लॅट बघून ठरवू नका. विकणाऱ्याकडून महावितरणचं ताजं बिल मागा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावरच छापलेला असतो. सलग चार महिने पाच-दहा युनिटच दिसले तर घर तेवढे दिवस बंद होतं, मग तो ‘भाडेकरू कालच गेला’ म्हणो की आणखी काही. मग आठवड्यातल्या मधल्या वारी रात्री साडेनऊला त्या बिल्डिंगसमोर उभं राहून पेटलेल्या खिडक्या मोजा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा. विक्रीचे नोंदलेले भाव तिथे मिळतात आणि त्याच सोसायटीतले भाडेकरारही. एजंटनं सांगितलेलं भाडं आणि करारात नोंदलेलं भाडं यातला फरक तिथेच कळतो.

भाडं टिकतं का, हेही विचारा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आयटीतली मुलं घरून काम करायला गावी गेली आणि हिंजवडी-वाकडला फ्लॅट ओस पडले. ऑफिसं परत सुरू झाल्यावर भाडी चढली. एकाच उद्योगावर उभा असलेला भाडेबाजार असा एका परिपत्रकानं हलतो. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय यात पडू नका.

करार नोटरीवर करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं कलम ५५ सांगतं की नोंदणी ही मालकाची जबाबदारी. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ११ महिने, २४,००० भाडं आणि ७२,००० डिपॉझिट असेल तर मुद्रांक जेमतेम सातशे रुपये, नोंदणी १,०००. एवढ्यासाठी लोक ७० लाखांचं घर उघड्यावर टाकतात. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं.

आता ज्या वाक्यावर माझं डोकं उठलं ते. तुम्ही शेवटी विचारलंय, ‘परप्रांतीय बॅचलर ठेवले तर सोसायटी हरकत घेईल ना, आणि यांच्यामुळेच घरं महागली ना?’ दोन्ही समज मी ठिकठिकाणच्या मीटिंगांत ऐकत आलोय आणि दोन्ही चूक आहेत. चाकणच्या खोलीत राहणाऱ्या मुलानं तुमच्या टू बीएचकेचा भाव वाढवला नाही. २०११ साली देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती. भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेली, कुलूपबंद घरं त्यात होती. तीच मनोवृत्ती आज वाघोलीत अंधाऱ्या खिडक्यांत दिसते. आणि तुम्हीही गुंतवणुकीसाठीच घर घेताय, तेव्हा दोष देण्याआधी हे लक्षात घ्या.

सोसायटीबद्दल: घर भाड्यानं द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. करार आणि पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीची प्रत जोडून सेक्रेटरीला पत्र द्या आणि पोच घ्या. ना-वापर शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, तसा सरकारी निर्णय २००१ सालापासून आहे. कुणी बॅचलरचा म्हणून वेगळा दर लावला तर लेखी मागा. भाडेकरू निवडताना राज्य बघू नका. पगाराची स्लिप, कंपनीचं पत्र आणि आधीच्या मालकाचा नंबर बघा.

एक राहिलंच. वरचा हिशेब रिसेलचा आहे. बांधकाम चालू असलेला घेतलात तर ५ टक्के जीएसटी वर लागेल, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य. घर पाच-सात वर्षांनी स्वतःला राहायला हवं असेल किंवा कर्ज न काढता घेत असाल, तर मात्र गणित वेगळं मांडावं लागेल.